पेटीतलं कापड

वर्तमानपत्र गुळगुळीत असतं. खोक्यात अंथरलेल्या त्या कागदावर घसरून झ्द्राव्काने पाळलेल्या कोंबडीच्या एका नवजात पिल्लाचे पाय कायमचे फाकले. ते उभं राहूच शकलं नाही आणि मेलं. बाकीच्यांसाठी तिने माडीवरची लाकडी पेटी उघडली. त्यातलं हातमागाचं जाडंभरडं कापड फाडून खोक्यात अंथरलं. पिल्लं लगेच पाय रोवून उभी राहिली.

फाडण्याचा आवाज ऐकून तिची आई आली.

“अगं, लाज नाही वाटत? तुझ्या लग्नासाठी विणलंय मी ते! त्यावर आता कोंबड्या हगणार?”

“हगू देत. निदान कुणाच्या तरी पायाखाली आलं.”

“आणि मागणी घालायला कुणी आलं, तर काय दाखवू? हे खोकं?”

“आला होता की मानोल. अंगाला मेंढ्यांचा वास मारतो म्हणून तू त्याला फाटकातूनच हाकललंस.”

“पुन्हा त्याचंच नाव! येईल दुसरा कुणीतरी.”

“दुसरा नाही, तोच आला होता काल.” झ्द्राव्काने पेटीतलं आणखी एक कापड ओढलं आणि टरकन फाडलं. “पिल्लं राखून ठेवायला सांगून गेलाय. त्याच्या नातीला पाळायला हवीत म्हणे.”