पुसलेला बिंदू

मोजणीवाल्या काकांनी टेकडी पायाखाली घालून तीनशे बारा बिंदूंची उंची मोजली होती. आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरताच आर्किटेक्टच्या पडद्यावर उतार चादरीसारखा पसरला. फक्त एक बिंदू भलताच खाली होता. काकांचा आकडा चुकला असणार, म्हणून तिनं तो पुसला. टेकडी लोण्यासारखी गुळगुळीत झाली. दुपारी काका लंगडत ऑफिसात आले. तिनं ऐटीत टेकडी दाखवली, तिच्यावर बांधायची शाळाही. काकांनी दोन बोटं पडद्यावर पावलांसारखी चालवत नेली. शाळेच्या पायरीपाशी बोटं थांबली. "इथं माझा पाय मुरगळला होता," ते म्हणाले. "खळगा आहे. पावसात गुडघाभर पाणी साचणार. तुझ्या टेकडीवर पाय मुरगळायला जागाच नाही." तिनं बिंदू परत आणला. खळगा नेमका काकांच्या बोटाखाली उमटला. "बोट हलवू नका, काका," ती म्हणाली आणि शाळा बाजूला सरकवू लागली.