मुंग्या उठेपर्यंत

जामनेरच्या ज्ञानचंद शेटनी घरातली मोराची बशी नमुना म्हणून चीनला पाठवली आणि तशाच बारा मागवल्या. बशीच्या काठावर वाळलेल्या पाकात एक मुंगी चिकटून राहिली होती, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. चिनी कारागीर इमानी निघाला. वर्षभराने आगबोटीने बारा बशा आल्या. प्रत्येकीत मोर होता आणि काठावर सहा पायांची हुबेहूब मुंगी.

लेकीला, धनकुंवरला, आपल्या मुलासाठी बघायला धुळ्याचे हस्तीमलजी गोतावळा घेऊन आले, तेव्हा त्याच बशांत लापशी वाढली. दोन्ही घरं जैन. दिवस मावळल्यावर कुणी खाणार नव्हतं, आणि मावळायला अर्धाच तास होता.

हस्तीमलजींनी पुढे केलेला हात मागे घेतला. "मुंगी आहे. आधी तिला जाऊ द्या."

बाकीच्यांनी आपापल्या बशीत पाहिलं आणि तेही थांबले. शेट खुलासा करायला पुढे झाले, तशी जतनबाईंनी नवऱ्याला डोळ्यांनीच दटावलं. मुलाकडच्यांची चूक काढायची नसते. सूर्य बुडाला. पाहुणे उपाशी उठले.

आठवड्याने हस्तीमलजींचं पत्र आलं. "मुलगी पसंत आहे. मुंग्या सुखरूप गेल्या ना, तेवढं कळवा."

चूक काढायला बायकोची बंदी होती, आणि खोटं शेट जन्मात बोलले नव्हते. त्यांनी लिहिलं, "सुखरूप आहेत. अजून बशीतच बसल्या आहेत."

उलट टपाली उत्तर आलं. "मग घाई नको. त्या उठल्या की मुहूर्त काढू."