मेपलचा फ्रिज

धाकटी जाऊ वरच्या मजल्यावरून खाली उतरली ती दोन हमाल आणि एक दोरखंड घेऊनच.

“ताई, फ्रिज न्यायला आलेय,” ती दारातूनच म्हणाली. “शब्द दिलाय तुम्ही.”

शब्द दिला होता, हे खरंच. धाकटीच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जळाल्यापासून तिचा या जुन्या फ्रिजवर डोळा होता. एकदा तोंडाला तोंड लागलं, तेव्हा थोरली रागाच्या भरात बोलून बसली होती, की थंडी सरली आणि झाड जागं झालं नाही, तर फ्रिज तुझा. थंडी सरली होती.

फ्रिज गॅलरीत उभा होता. आत दूध नाही, भाजी नाही, फक्त एक जपानी मेपल. या घामट हवेत त्या झाडाला थंडी कशी ती भेटतच नाही. थंडी नाही म्हणून झोप नाही, आणि झोप नाही म्हणून नवी पालवी नाही. थोरलीचं पहिलं झाड दुपारच्या उन्हाने करपलं. दुसऱ्याच्या मुळ्या पावसात कुजल्या. तिसऱ्याच्या वेळी सुनेला दया आली. सुनेचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. तिने एक टाकाऊ फ्रिज चालू केला, मधले कप्पे काढले, झोपमोड नको म्हणून आतला दिवासुद्धा काढून टाकला. मग दोघींनी हाताने एकेक पान उतरवून झाडाला आत निजवलं.

ते तिसरं झाड थोरलीनेच मारलं. मोकळी जागा दिसली की तिचे हात शिवशिवायचे. एवढा गारेगार फ्रिज आणि आत नुसती काठी, हे तिला बघवेना. तिने कुंडीला खेटून केळी आणि सफरचंदं ठेवून दिली. पिकत्या फळांची वाफ कळ्यांना बाधते, हे सुनेच्या ध्यानात येईपर्यंत कळ्या काळ्या पडल्या होत्या.

म्हणून यंदा सुनेने फ्रिजला कडी ठोकली आणि कुलूप घातलं. स्वतःच्या सासूपासून! थोरलीने एकदा किल्ली मागून पाहिली, तर सून म्हणाली, “आई, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?” त्यावरून दोन दिवस घरात बोलणं बंद होतं.

“काठीला कुणी कुलूप लावतं का?” धाकटी हमालांकडे बघून हसली. “आमच्याकडे उद्या पाहुणे यायचेत, ताई. काढा ती बाहेर.”

“उघडू का, आई?” सुनेने विचारलं.

“उघड. होऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष.”

थोरलीचा आवाज ठणठणीत होता. हे चौथं झाड. पाचवं आणायची उमेद आपल्यात नाही, हे तिचं तिला ठाऊक होतं. कुलूप निघालं तेव्हा ती भिंतीकडे बघत उभी राहिली.

गार हवेचा झोत पायांवर आला. सुनेने कुंडी उचलून बाहेर ठेवली. गुडघाभर उंचीचं झाड, अंगावर एक पान दिसेना.

“अगं बाई! वाळून काष्ठ झालंय की,” धाकटी म्हणाली. एका हमालाने फ्रिजला दोर घालायला सुरुवात केली.

थोरलीने चष्मा लावला आणि खाली बसली. गुडघे कुरकुरले, तिने लक्ष दिलं नाही. फांद्यांच्या टोकांवर जोडीजोडीने कळ्या होत्या. काळ्या नव्हत्या. लाल होत्या, टपोऱ्या होत्या. आणि अगदी खालच्या फांदीवरची एक कळी उकलून तिच्यातून नखाएवढं पान लोंबत होतं, मिटलेल्या छत्रीसारखं, लालभडक.

“हात लावू नका त्या फ्रिजला!”

हमालाच्या हातून दोर गळून पडला.

“जागं झालंय! अगं, जागं झालंय!” थोरली उठली आणि तिने सुनेला मिठीच मारली, तिच्या तेलकट डगल्यासकट. मग गॅलरीच्या कठड्याशी जाऊन समोरच्या इमारतीतल्या, कपडे वाळत घालणाऱ्या अनोळखी बाईलाही तिने ओरडून सांगितलं. त्या बाईला काय कळलं कोण जाणे, पण तिनेही हात हलवला.

धाकटी वाकून बघत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, “ताई, याची फांदी लावली तर रुजते का हो?”

“बघू की लावून. पण आधी फ्रिज लागतो.”

आधी हमाल हसले, मग सून. धाकटीने ओठ दाबून धरायचा प्रयत्न केला, पण तिलाही ते जमलं नाही.

आनंदाने थोरलीचा हात सैल सुटला होता. “ने गं,” ती म्हणाली. “याला आता सकाळचं ऊन आणि दुपारची सावली पुरे. थंडी यायच्या आत फ्रिज परत आण म्हणजे झालं.”

फ्रिज जिन्याने वर निघाला. थोरलीने कुंडी पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवली, कुणाचा धक्का लागू नये म्हणून समोर स्टूल आडवं घातलं. कुलूप किल्लीसकट सुनेच्या हातात तसंच राहिलं होतं. थोरलीने ते घेतलं, पुसलं, किल्ली फिरवून बंद केलं आणि दोन्ही परत सुनेच्या हातावर ठेवली.

“नीट जपून ठेव,” ती म्हणाली. “माझा काही भरवसा नाही.”