सभागृहातला ण

शंभर वर्षांपूर्वी ही शाळा बांधणाऱ्या गवंड्यांची कमाल अशी, की सभागृहाच्या व्यासपीठावर उच्चारलेला शब्द मागच्या भिंतीवरून जसाच्या तसा परत येतो. आईने इथे आयुष्यभर भाषा शिकवली. माईकला कधी हात लावला नाही.

ती गेल्यापासून तिचा आवाज मला आठवेनासा झाला होता. उद्या इमारत पाडणार, म्हणून आले.

"बाईंनी किती पिढ्यांचा ण सुधारला," शिपाईमामा म्हणाले.

"घरचा तेवढा राहिला," मी म्हटलं.

व्यासपीठावर चढून मी लहानपणीसारखं म्हणाले, "आई, पानी."

"आई, पानी," भिंतीवरून माझाच आवाज परत आला. शिपाईमामा हसले.

मग त्याच भिंतीवरून, जराही घाई न करता, दुसरा आवाज आला.

"पाणी. पुन्हा म्हण."