साखरेची बरणी

मुलांनो, आलिमाच्या जागी तुम्ही आहात असं समजा. तिचे अब्बा मासेमारीला जातात. ते समुद्रात असताना घरी कुणी वाईटसाईट बोललं, की अम्मी त्याच्या हातावर चिमूटभर साखर ठेवते आणि म्हणते, "तुझ्या तोंडात साखर पडो!" आलिमाही लहानपणापासून तसंच म्हणायची. आज मात्र वर्गात कुणी वाईट बोललं म्हणून ती तसं म्हणाली, तर सगळे हसले. बाई म्हणाल्या, "अगं, हे चांगली बातमी सांगणाऱ्याला म्हणतात."

घरी येऊन तिने सांगितलं, तेव्हा अम्मीही चकित झाली. "म्हणजे इतकी वर्सां माझी साखर फुकटच गेली म्हण!"

तेवढ्यात शेजारचे धोंडूकाका दारात आले. "वारो खूप वाढलो गो. तुझ्या बापाशीची होडी आज काय येवची नाय."

सवयीने अम्मीचा हात साखरेच्या बरणीकडे गेला. आलिमाने ती आधीच उचलली आणि झाकण घट्ट लावलं.

"काका, साखर चांगल्या बातमीक. जेटीर जावा नि तशी बातमी घेवन येवा."

काका मागे वळून जेटीकडे निघाले. आलिमा बरणी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली, आणि काका वळणाआड जाताच तिने झाकण हळूच सैल करून ठेवलं.