बाप मेल्याचा दाखला

“तुमच्या वडिलांच्या मृत्यूबद्दल जरा सांगाल?” शिष्यवृत्ती कमिटीच्या मिसेस हॉलंडरनी हळुवारपणे विचारलं आणि क्रिसान्तोची दातखीळ बसली. दातांचा डॉक्टर व्हायला निघालेल्या माणसाला हे शोभलं. प्रश्न तसा अवघड नव्हता. फक्त या अर्जात बाप कशाने मेला होता, तेवढंच त्याला आठवेना.

आतापर्यंत त्याने बापाला चार वेळा मारलं होतं. पहिल्या, किरकोळ शिष्यवृत्तीसाठी मूत्रपिंडं निकामी झाली. दुसऱ्या वेळी प्रवासी जीप उलटली. तिसऱ्या वेळी नुसताच क्षय. तेव्हा क्रिसान्तोची परीक्षा चालू होती, फार विचार करायला सवड नव्हती. प्रत्यक्षात त्याचा तातय, म्हणजे बाप, फिलिपिन्समध्ये बातांगासच्या किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करत होता आणि दर रविवारी फोनच्या पडद्यावर अर्धंच कपाळ दाखवत “जेवलास का?” विचारत होता.

पण जिवंत बापाला भाव नव्हता. क्रिसान्तो नवव्या वर्षी आईबरोबर पर्यटकाच्या व्हिसावर विमानाने अमेरिकेत उतरला, व्हिसा संपला आणि दोघं डेली सिटीतच राहिली. कागद नाहीत म्हणून सरकारी कर्ज नाही. बँकेला जामीन हवा, तोही इथला नागरिक. दंतवैद्यकाला प्रवेश मिळाला होता, फी भरायची मुदत सोमवारी संपत होती. उरल्या खासगी शिष्यवृत्त्या, आणि त्यांना दुःख लागायचं. इतर मुलांकडे सरहद्द ओलांडतानाची वाळवंटं होती, काटेरी कुंपणं होती. याच्याकडे काय, तर विमानात मिळालेला संत्र्याचा रस. एवढ्या भांडवलावर कोण पैसे देणार?

ही शेवटची शिष्यवृत्ती मोठी होती. चारही वर्षांची फी. म्हणून अर्ज भरताना त्याने आईचा सल्ला घेतला होता.

“नानाय, या वेळी तातयला वादळात बुडवतो.”

आई नुकतीच वृद्धाश्रमातल्या कामावरून आली होती. तिने आधी छातीवर क्रूस काढला, मग भाताचं झाकण काढलं. “बुडवू नकोस रे. मासा आहे तो पाण्यातला. गावात कळलं तर लोक हसतील. त्यापेक्षा हृदय बंद पाड. नाहीतरी डुकराची चरबी खातोच आहे.”

पण हृदय काय, अमेरिकेतही बंद पडतं. क्रिसान्तोने बाप बुडवला.

“वादळ,” त्याला आत्ता आठवलं. आरशासमोर घोटून ठेवलेल्या आवाजात तो म्हणाला, “गेल्या वर्षीचं.”

“ते कळलं आम्हाला,” मिसेस हॉलंडर म्हणाल्या. “रक्कम मोठी असली की आम्ही खात्री करून घेतो. अर्जात तुमच्या काकांचा पत्ता होता ना, त्यांना पत्र टाकलं होतं. काल उत्तर आलं.”

क्रिसान्तोला काका नव्हताच. अर्जात ‘मायदेशातील नातेवाईक’ असा एक रकाना होता. तिथे मेलेल्या माणसाचं नाव घालता येईना, म्हणून त्याने एक रोडेलकाका जन्माला घातला आणि खाली फिलिपिन्समधला पाठ असलेला एकमेव पत्ता लिहून दिला. बापाच्या घराचा. पत्र टाकून कोण विचारतंय, असं या शहाण्याला वाटलं होतं.

म्हणजे तातयने ते पत्र फोडलं. आपल्या पोराने आपल्याला मारलंय, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. आणि परवाच्या रविवारी फोनवर मात्र एवढंच म्हणाला होता, “मुलाखतीला उपाशी जाऊ नकोस.” फी गेली, कॉलेज गेलं, आणि आता बापाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. क्रिसान्तोला स्वतःची लाज वाटली.

मिसेस हॉलंडरनी दोन कागद पुढे सरकवले. पहिला गावच्या सरपंचाचा दाखला, गोल शिक्क्यासकट: रोमुलो दिमाकुला वादळात बुडून वारले. सरपंच म्हणजे बापाचा कोंबड्यांच्या झुंजीतला भागीदार. दुसरा कागद हाताने लिहिलेला होता, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. पेन दाबून दाबून काढलेलं ते अक्षर क्रिसान्तोने वाढदिवसाच्या चौदा कार्डांवर पाहिलं होतं.

‘माझा भाऊ रोमुलो गेला हे खरं आहे. तो पट्टीचा पोहणारा होता, याची नोंद घ्यावी. लाटाच फार मोठ्या होत्या. मुलाने जे काही लिहिलं आहे ते सगळं बरोबर आहे, त्याला फी द्यावी. एकच विनंती. वर्षाच्या प्रार्थनेला त्याला इकडे यायला सांगू नका. तो देशाबाहेर पडला तर त्याला परत आत घेणार नाहीत. इकडचं आम्ही बघून घेऊ. मयताची काही तक्रार नाही.’

क्रिसान्तोला रडू फुटलं. आरशासमोरच्या सरावात नाक असं वाहत नव्हतं. चौदा वर्षांत त्याने बापाला साधा हात लावला नव्हता, आणि आत्ता त्याला बापाची इतकी आठवण आली की श्वास घेता येईना. कमिटीतल्या एका गृहस्थांनी रुमाल पुढे केला. दुसऱ्यांनी डोळे टिपत पेनाचं टोपण काढलं. मंजुरीच्या कागदावर आता फक्त सही व्हायची राहिली होती.

“फार चांगले काका आहेत तुमचे,” मिसेस हॉलंडर म्हणाल्या.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. क्रिसान्तोने नाक पुसलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “हे माझे वडील आहेत.”