तुलनेची बाटली

घरामागच्या गल्लीतल्या दोन पोरांना जुलाब लागले, तेव्हा आरोग्य खात्याच्या निरीक्षकबाईंनीच दारोदार जाऊन बजावलं होतं, "नळाचं पाणी तोंडात घालू नका!" गल्लीनं मुकाट ऐकलं. तरी आजारी माणसं वाढतच गेली. काल त्यातली एक पोरगी दगावली, आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक नळाचं पाणी तपासणीच्या बाटल्यांत भरून ठेवलं. पाणी दूषित असलं की या बाटलीत ते रात्रीतून काळं पडतं. ताडून बघायला सोबत चांगल्या पाण्याची एक बाटली लागते. ती बाई दरवेळी डोळे झाकून स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या नळावर भरून आणत.

सकाळी त्यांनी प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं. गल्लीतल्या सगळ्या बाटल्या नितळ होत्या. काळी पडली होती ती घरची.

त्यांनी घरी फोन लावला.

"आई, आपल्या नळाचं पाणी कुणी प्यायलं तर नाही ना?"

"आपण कशाला पिऊ? आपल्याला फिल्टर आहे की!" सासूबाई म्हणाल्या.

बाईंच्या जिवात जीव आला.

"पण बिचारी मागची गल्ली काय करणार? तू त्यांचं पाणी बंद केलंस ना, त्या दिवसापासून सगळे आपल्याच नळावर भरतात. मीच सांगितलं, निरीक्षकबाईंच्या घरचं पाणी आहे, बिनधास्त प्या."

फोनमध्ये मागे कुणाची तरी कळशी भरत आल्याचा आवाज येत होता.